बाबांचा स्लाइड शो त्यांच्याच आवाजात फिल्म करायचाय, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

माचीवरून
नमस्कार मंडळी. माझे बाबा (वय ७४) बरीच वर्षं शाळांमध्ये जाऊन गडांवरच्या पाण्यावर स्लाइड शो दाखवायचे. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी, रायगडाचा गंगासागर, हत्ती तलाव, कातळ खोदून पावसाचं पाणी कसं साठवलं, असं सगळं. ६२ स्लाइड आहेत. आता त्यांना प्रवास झेपत नाही आणि शाळांचे फोन तर येतातच. म्हणून याची फिल्म करून पेन ड्राइव्हवर द्यायची आहे.

दहा मिनिटं सलग बोलले की त्यांना खोकला येतो. मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये आहे. टाक्यात पाणी कसं उतरतं ते बाण सरकवून दाखवलंय, तेवढं ॲनिमेशन राहायलाच हवं. विंडोजचा लॅपटॉप आहे, पॉवरपॉइंट २०१९. ओबीएस, कॅनव्हा, कॅम्टेशिया अशी नावं कानावर आली आहेत. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

कातळकडा
ओबीएस स्टुडिओ घ्या. फुकट आहे, स्क्रीनवर जे दिसतं ते आवाजासकट जसंच्या तसं टिपतं, बाणबिण सगळं येतं. रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये ठेवा, मध्येच वीज गेली तरी तोवरचं हाती राहतं. नंतर त्यातच रीमक्स करून, म्हणजे फक्त फाइलचा प्रकार बदलून, एमपी४ करता येतं.

शेवटची_बाकी
ताई, ओबीएस चांगलंच आहे, पण तुमच्या कामाला मी ते सुचवणार नाही. त्यात रेकॉर्डिंग सलग होतं. चाळिसाव्या स्लाइडला खोकला आला की एकतर पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर एडिटरमध्ये बसून कापाकापी. वडिलांना तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं की आवाजातला जीव जातो. चित्र उद्याही बदलता येईल, त्यांचा आवाज मात्र पुन्हा मिळणार नाही. म्हणून आवाज कसा साठवला जातो, हे बघून सॉफ्टवेअर निवडा.

याच कारणासाठी मी म्हणेन, तुमच्याकडचं पॉवरपॉइंटच वापरा. 'रेकॉर्ड स्लाइड शो' केलं की आवाज प्रत्येक स्लाइडला वेगळा चिकटतो. आज पाच स्लाइड करा, चहा घ्या, उद्या पुढच्या. एखादी बिघडली तर त्या स्लाइडवर जाऊन 'चालू स्लाइडपासून' सुरू करा आणि ती झाली की लगेच थांबवा, म्हणजे पुढच्या स्लाइडना धक्का लागत नाही. बाण कोणत्या शब्दाला सरकला तेही त्यात नोंदलं जातं.

एक गोष्ट मात्र वडिलांना आधीच सांगून ठेवा. स्लाइड पालटत असताना आवाज नोंदला जात नाही. वाक्य पूर्ण करायचं, एक श्वास घ्यायचा, मग बटण दाबायचं. नवी स्लाइड स्थिर झाली की पुढचं बोलायचं. मी मामाचं रेकॉर्डिंग करताना हे माहीत नव्हतं. दर स्लाइडचा पहिला शब्द गायब, आणि ते सगळं झाल्यावर कळलं.

शेवटी फाइल, एक्स्पोर्ट, क्रिएट अ व्हिडिओ. चित्राचा दर्जा १०८० निवडा आणि 'रेकॉर्डेड टायमिंग्ज अँड नॅरेशन्स' वापरा असं सांगा. जिथे आवाज नाही ती स्लाइड ५ सेकंद दिसते, ते आकडे बघून घ्या.

जोडाक्षर
शेवटची_बाकी यांना +१. श्रीलिपीबद्दल लिहिते. ती युनिकोड नाही, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत तिच्यात नाही. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फाँट नसला की 'शिवनेरी'च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. कॅनव्हावर चढवलं तरी तेच होईल, शिवाय तुमचे बाण तिथे धड येणार नाहीत. तेव्हा ज्या लॅपटॉपवर फाँट आहे त्यावरच व्हिडिओ काढा. एकदा व्हिडिओ झाला की अक्षर चित्रात गेलं, मग ते कुठेही बिघडत नाही. नवीन स्लाइड करायच्या असतील तर त्या 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी'मध्ये करा, दोन्ही मोफत आहेत. आणि व्हिडिओ एडिटरमध्ये मराठी शीर्षक टाइप करणार असाल तर आधी 'किल्ल्यावरील' हा शब्द लिहून बघा. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर गेली की समजायचं, शीर्षक स्लाइडवरच लिहून त्याचं चित्र आणायला हवं.

माचीवरून
तुम्हा सगळ्यांचे आभार. कॅम्टेशियाबद्दल कुणी सांगेल का? आणि लिबर ऑफिस? एका शाळेत पॉवरपॉइंटऐवजी तेच आहे.

शेवटची_बाकी
कॅम्टेशियाला पैसे मोजावे लागतात. रोज व्हिडिओ करणाऱ्याला ते परवडतं, एका फिल्मसाठी गरज नाही. लिबर ऑफिसमधल्या इम्प्रेस या स्लाइडच्या प्रोग्रॅममधून थेट व्हिडिओ निघत नाही. स्लाइडची चित्रं काढून शॉटकट किंवा केडेनलाइव्हसारख्या व्हिडिओ एडिटरमध्ये आवाजाशी जुळवावी लागतात आणि त्यात ॲनिमेशन जातं. शाळेला एमपी४च द्या, इम्प्रेसचा प्रश्नच येणार नाही.

अजून एक, आणि हे नक्की करा. रेकॉर्डिंग संपलं की पॉवरपॉइंटच्या पीपीटीएक्स फाइलची प्रत काढा आणि तिच्या नावाच्या शेवटी पीपीटीएक्सऐवजी झिप लिहा. उघडल्यावर आत 'पीपीटी' फोल्डरमध्ये 'मीडिया' नावाचं फोल्डर असतं, त्यात स्लाइडवार आवाजाच्या फाइली सापडतात. त्या वेगळ्या जपून ठेवा. विंडोज मूव्ही मेकर २०१७ च्या जानेवारीत बंद झालं, प्रोशो हे स्लाइड शोचं सॉफ्टवेअर २०२० मध्ये. सॉफ्टवेअर येतात जातात, आवाजाची साधी फाइल कशातही वाजते.

कातळकडा
पटलं, माझा सल्ला मागे घेतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही. तसंही एका गडाचा एक भाग करा, मुलांचा तासही तेवढाच असतो. फाइल जड झाली तर हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा, स्थिर चित्रं असल्यामुळे खूप हलकी होते.

माचीवरून
काल सुरुवात केली. पंखा बंद, खिडकी बंद, बाबांच्या मागे गाद्या उभ्या केल्या. अकरा स्लाइड झाल्या. चौथीला खोकला आला, तेवढी एकच पुन्हा केली. गंगा-जमुनाच्या स्लाइडवर ते बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे पाणी फार गार असतं गं." ते नोंदलं गेलं, आणि मी ते काढणार नाही. उद्या सकाळी लवकर रायगड घेतोय, दुपारी पंख्याशिवाय त्यांना बसवत नाही.