विषय: मंडळाची सहल – जॉर्जटाउनचं वीजघर

नमस्कार मंडळी,

सहलीसाठी माझं मत सिअ‍ॅटलमधल्या जॉर्जटाउन भागातल्या वाफेच्या वीजघराला. केंट-ऑबर्नची आपली मुलं ज्या इंटरअर्बन ट्रेलवर सायकली चालवतात, त्या वाटेने 1902 ते 1928 सिअ‍ॅटल–टकोमा ‘इंटरअर्बन’ ही विजेची गाडी धावायची. वीज मिळायची शहरात वरच्या तारेतून, शहराबाहेर तिसऱ्या रुळातून. आता गाडी नाही, रूळही नाहीत. पण तिला वीज पुरवणारं हे घर आतल्या यंत्रांसकट उभं आहे.

सिअ‍ॅटल इलेक्ट्रिक कंपनीने ते 1906 मध्ये बांधायला घेतलं. बांधकामावर देखरेख फ्रँक गिलब्रेथ यांची, कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करणारे तेच. आत गेलात की आधी उभी कर्टिस टर्बाइन्स, म्हणजे वाफेच्या झोताने फिरणारी यंत्रं, बघा. खाली टर्बाइन, वर जनित्र, दोन्ही एकाच उभ्या दांड्यावर. फिरणाऱ्या भागाचं सगळं वजन तळाशी दाबाने सोडलेल्या तेलाच्या पातळ थरावर तोललेलं! एक 3,000 किलोवॉटचं, दुसरं 8,000. दट्ट्याच्या वाफेच्या इंजिनांना एवढ्या शक्तीसाठी कितीतरी जास्त जागा लागे. पुढे आडव्या टर्बाइन्सचा जमाना आला, इथलं तिसरंही आडवंच आहे. बाकी ठिकाणची बहुतेक उभी मोडीत निघाली, म्हणून ही जोडी मोलाची.

– केंटहून

---

काका, माझंही मत याच जागेला. मी ठाकुर्लीची. जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी उभारलेलं चोळे पॉवर हाउस आमच्या घराजवळच होतं. एक शंका: धबधब्यांच्या या मुलखात वाफेचं वीजघर कशाला?

– बेल्व्ह्यूहून

---

ताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा. प्युअलप नदीवरचं इलेक्ट्रॉन जलविद्युत केंद्र 1904 पासून चालू होतं, तेही जॉर्जटाउनच्या कंपनीमागे असलेल्या स्टोन अँड वेब्स्टर समूहाचंच. पण ते डोंगरात, लांब. नदीचं पाणी कमी झालं किंवा वादळात तारा तुटल्या की गाडी जागेवरच थांबणार. संध्याकाळी ट्रॅम भरलेल्या आणि घरोघरी दिवे लागलेले, तेव्हा शहराजवळ हाताशी वीज हवीच. जॉर्जटाउनमधून ट्रॅमला आणि इंटरअर्बनला डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) मिळे, आसपासच्या घरांना एसी (दिशा बदलत राहणारी वीज).

वाफ थंड करायला लागणाऱ्या पाण्यासाठी ते ड्युवॉमिश नदीच्या वळणावर बांधलं होतं. नंतर नदीच सरळ केली, प्रवाह दूर गेला आणि पाणी पंपाने आणायची वेळ आली. स्वस्त जलविद्युत वाढली तसं ते राखीव झालं. 1951 मध्ये ते सिअ‍ॅटल सिटी लाइटकडे गेलं, 1984 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं.

जिने लोखंडी आणि उभे आहेत, तेव्हा सगळ्यांनी बंद बूट घाला. आजी-आजोबांसाठी तळमजल्यावरही बघण्यासारखं भरपूर आहे. चोळ्याच्या आठवणी तिथे मुलांना सांगाल का?

– केंटहून