जुन्या संगणकाचा गेटवे-फायरवॉल: अभ्यासिकेसाठी करावा की तयार राउटर घ्यावा?

सह्याद्रीवारा
आमच्या तालुक्याच्या गावी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची साठेक मुलं बसतात. फायबरची एकच जोडणी, आणि नेट कंपनीने लावलेला डबाच राउटर, वायफाय, फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारा पहारेकरी) सगळं काही. संध्याकाळी दोघा-तिघांनी लेक्चरचे व्हिडिओ उतरवायला लावले की बाकीच्यांची सराव चाचणी अडकते. फी नोंदवायचा संगणकही त्याच नेटवर्कवर.

माझं म्हणणं, अशा जागी पडून असलेला एक डेस्कटॉप गेटवे म्हणून, म्हणजे नेट आत-बाहेर जाण्याचं दार म्हणून, बसवावा. दोन नेटवर्क कार्डं, एकात कंपनीची वायर, दुसऱ्यातून स्विच. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (नुसती जोडणी पुढे देणारा), म्हणजे नॅट (आतल्या सगळ्यांना बाहेर एकच पत्ता देणं) दोनदा होत नाही. वर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स, ही संगणकाला राउटर-फायरवॉल बनवणारी सॉफ्टवेअरं. पीएफसेन्स २००४ साली मोनोवॉल या जुन्या फायरवॉल-सॉफ्टवेअरमधून निघालं, ओपीएनसेन्स २०१५ साली पीएफसेन्समधून. दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, दोन्ही फुकट मिळतात.

स्वस्त राउटरचे अपडेट केव्हा बंद झाले हे मालकाला कळतही नाही. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने अशीच उपकरणं धरली: कारखान्यातून येणारे साठेक युजरनेम-पासवर्ड टेलनेटवर (दुरून लॉगिन करायची जुनी सोय) लावून बघायचे, उघडलं की आत. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने किमान ५४ देशांत पाच लाखांच्या आसपास राउटर आणि स्टोरेज उपकरणं बाधली. वर्गणीवर चालणाऱ्या जागेने हे अंगावर काढू नये.

विद्युतवेडा
माझा विरोध आहे, आणि पहिला मुद्दा विजेचा. जुना डेस्कटॉप काही काम नसताना ७० वॅट खातो असं धरा. चोवीस तास, वर्षभर म्हणजे ६१३ युनिट. दहा रुपयांनी सहा हजारांवर बिल. तेवढ्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्सवरचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा बरा राउटर येतो, आणि तो दहा-बारा वॅटवर भागवतो. फुकटचा डेस्कटॉप दुसऱ्या वर्षी महाग पडलेला असतो.

दुसरं, आपल्याकडे वीज जाते. परत आल्यावर तो डेस्कटॉप आपोआप सुरू होईल का? बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती सेटिंग केली नसेल तर कोणीतरी बटण दाबेपर्यंत साठ मुलं नेटशिवाय. जुनी हार्ड डिस्क अशा धक्क्यांनी कधी बसेल सांगता येत नाही.

आणि मिराईचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ती उपकरणं फसली ती कोणी पासवर्ड बदलले नाहीत म्हणून. ओपीएनसेन्स बसवून दोन वर्षं अपडेट केलं नाही तर काय वेगळं होणार? बसवणारा पोरगा पुढे नोकरीला पुण्याला जातो. मागे उरतो एक डबा, ज्याचा पासवर्ड गावात कोणालाच माहीत नसतो.

सह्याद्रीवारा
@विद्युतवेडा विजेचा हिशोब मान्य. मग मिनी पीसी घ्या ना. इंटेल एन१०० चा प्रोसेसर ६ वॅटचा, अख्खी पेटी बारा-पंधरा वॅटमध्ये चालते. पण राउटरवर मी येणार नाही, कारण आमचं खरं दुखणं नेटच्या वाटणीचं आहे. लिनक्समध्ये २०१८ पासून केक नावाचा शेपर, म्हणजे नेटचा वेग वाटून देणारा भाग, आहे, तो प्रत्येक उपकरणाला सारखा वाटा देतो. फक्त नॅटमागचे पत्ते बघायला त्याला सांगावं लागतं. स्वस्त राउटरवर तो लावला की शे-दोनशे एमबीपीएसच्या पुढे प्रोसेसरच दमतो. मिनी पीसीला ते जाणवत नाही.

विद्युतवेडा
पण केक फ्रीबीएसडीवर नाही! तुम्ही सुचवलेल्या दोन्हींत तो मिळणार नाही.

सह्याद्रीवारा
तिथे एफक्यू-कोडेल हा रांगा लावणारा भाग आहे, आणि लिमिटरला (वेगाची मर्यादा) मास्क (पत्ते वेगळे करायचा नियम) लावून दर पत्त्याला वेगळी रांग देता येते. केकच हवा असेल तर ओपनडब्ल्यूआरटी मिनी पीसीवरही बसतं. सॉफ्टवेअरचा माझा हट्ट नाही, संगणकाचा आहे.

निळीवायर
दोघेही दारावरच भांडताय, घरातलं कोणी बघत नाहीये. एकाच स्विचवरच्या दोन लॅपटॉपमधली वाहतूक गेटवेपर्यंत येतच नाही. एखाद्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये काही शिरलं, तर ते फीच्या संगणकावर सरळ जाईल आणि तुमच्या फायरवॉलला पत्ता लागणार नाही. फीचा संगणक वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरींवरचं वेगळं नेटवर्क) टाका. त्यासाठी मॅनेज्ड स्विच, म्हणजे सेटिंग करता येणारा, लागेल. आणि वायफायच्या ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन (उपकरणं एकमेकांना दिसू न देणं) चालू करा. हे काम मी आधी करीन, पेटी नंतर.

दुसरं आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे नेट-पत्ते. साध्या लिनक्सवर हाताने नियम लिहिणारे आयपीटेबल्समध्ये (जुन्या पत्त्यांची फायरवॉल) सगळं बंद करतात आणि आयपी६टेबल्स (नव्या पत्त्यांची) विसरतात. व्ही६ फॉरवर्डिंग (वाहतूक पुढे पाठवणं) चालू असेल तर प्रत्येक लॅपटॉपला जगभरातून दिसणारा पत्ता, आणि मध्ये काहीच नाही. तिथे आडोशाला नॅटही नसतं. एनएफटेबल्स या नव्या साधनात आयनेट प्रकारचं टेबल केलं की दोन्ही एकाच जागी येतात. मात्र घाबरून आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कचे निरोप) सरसकट अडवू नका, "पॅकेट फार मोठं आहे" हा निरोप त्यातूनच येतो.

कट्टासदस्य
आमच्या गावच्या वाचनालयाच्या समितीवर आहे. मुलं रील बघतात ते बंद करता येईल का, एवढंच पालक विचारतात. फायरवॉलने होत असेल तर पैसे मंजूर करून घेणं सोपं जाईल.

निळीवायर
@कट्टासदस्य काका, डीएनएसवर (साइटचं नाव पत्त्यात बदलणारी सोय) याद्या लावून काही साइट अडवता येतात. पण मुलाने मोबाइलवर खाजगी डीएनएस चालू केलं किंवा स्वतःचा डेटा वापरला, की संपलं. पुढची पायरी म्हणजे प्रॉक्सी (मधला मध्यस्थ) लावून एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद वाहतूक, उघडून बघणं. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये वाचनालयाचं सर्टिफिकेट बसवावं लागेल. मग त्यांचे मेल, पासवर्ड सगळं त्या पेटीत उघडं. कृपया हे कधीही करू नका. वीस वर्षांच्या मुलामुलींचा खाजगीपणा समितीच्या ठरावाने काढून घ्यायची गोष्ट नाही.

सह्याद्रीवारा
यावर पूर्ण सहमत. वाटणी आणि संरक्षण, एवढंच पेटीचं काम.

विद्युतवेडा
निळीवायर ताईंचं सगळं मान्य, आणि त्यामुळेच माझा विरोध वाढलाय. व्हीलॅन, व्ही६, शेपर, त्यात पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) असेल तर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२ आणि त्यातल्या माहितीचा आकार एमएसएस १४५२ वर आणायचं. नाहीतर पिंग जातो आणि काही साइट अर्ध्यात लटकतात. हे चालवणार कोण? समितीने दोन माणसं नेमावीत, कॉन्फिगरेशनची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि जोडणीच्या पासवर्डासकट तयार केलेला एक साधा राउटर कपाटात ठेवावा.

सह्याद्रीवारा
राउटर कपाटात ठेवतो. एक माणूस मी. दुसरा माणूस ग्रंथपाल, पण त्यांना आधी शिकवावं लागेल. तोवर फीचा संगणक वेगळा काढतो.