मदत हवी आहे: सतरा वर्षे सांभाळलेली एमजीबी देऊन सिट्रोएन डीएस घ्यावी का?

नमस्कार.

माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, गेली सतरा वर्षे आहे आणि ती विकण्याचा विचार आजवर एकदाही मनात आलेला नाही. आता विक्रीचा नव्हे, तर अदलाबदलीचा प्रस्ताव समोर आला आहे आणि तीन आठवडे उलटूनही त्याला काय उत्तर द्यावे हे मला ठरवता आलेले नाही. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात ओळख झालेल्या गृहस्थांकडे १९६९ सालची सिट्रोएन डीएस २१ आहे. त्यांची मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली, मागची सीट रिकामीच फिरते, आणि आता त्यांना स्वतःच्या हाताने पाने घेऊन दुरुस्त करता येईल अशी साधी, उघड्या छताची गाडी हवी आहे. दोन्ही गाड्यांचे मूल्यांकन तिऱ्हाइताकडून करून घ्यावे आणि ज्याची गाडी कमी किमतीची ठरेल त्याने फरक भरावा, असे त्यांचे म्हणणे आहे.

व्यवहार म्हणून यात वावगे काही नाही. माझी अडचण वेगळी आहे, आणि ती सांगताना थोडे खासगी लिहावे लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

एमजीबीत बसणे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणे. माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांचे दुखणे वाढल्यापासून ती आधी सीटवर आडवी टेकायची, काचेच्या चौकटीला धरायची आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायची. दीड वर्षापूर्वी एका सकाळी ती दारावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी थांबते." त्यानंतर ती त्या गाडीत बसलेली नाही. डीएसचे दार मोठे, सीट उंच आणि सोफ्यासारखी मऊ. शिवाय गाडीची उंची आतल्या एका दांड्याने कमीजास्त करता येते. प्रस्ताव ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर किंमत आली नाही, ते दार आले.

मग अडले कुठे? माझी गाडी काही दुर्मीळ नाही. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी पाच लाखांहून अधिक बनल्या आणि आजही तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. माझ्या गाडीचे इंजिन मूळचेच असून त्याचा क्रमांक जुन्या कागदपत्रांशी जुळतो, परंतु तसे असलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. मला सोडवत नाही ती तिची ओळख. किल्ली फिरवली की मागच्या चाकाजवळ बसवलेला एसयू कंपनीचा विजेचा पेट्रोल पंप टिकटिक करू लागतो. दोन्ही कार्बोरेटरच्या वाट्या भरत आल्या की टिकटिक मंदावते आणि थांबते. गाडी आदल्या दिवशी चालवली असेल तर पाच-सहा ठोके पडतात, आठवडाभर उभी असेल तर त्याहून बरेच अधिक, आणि वाट्या भरूनही ठोके थांबत नसतील तर कुठेतरी गळती आहे किंवा पेट्रोल संपत आले आहे. हे मला कोणी शिकवले नाही, ऐकून ऐकून कळले. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नसल्याने दारांखालच्या सिल पट्ट्या हाच तिचा कणा असतो. सहाव्या वर्षी गाडी जॅकवर चढवली आणि उघडलेले दार पुन्हा लागेना, तेव्हा त्या आतून गंजल्याचे लक्षात आले. त्या हिवाळ्यात दोन्ही बाजूंचा पत्रा कापून नवा जोडताना सोबत राहून मी जे शिकलो, ते दुसऱ्या गाडीला लागू पडत नाही. गाडी दिली की हे सगळे ज्ञान माझ्याजवळच राहील आणि निरुपयोगी होईल, असे काहीसे वाटते.

निर्णय होईना म्हणून ओळखीच्या काही क्लासिक मालकांना मी सरळ विचारले, की तुम्ही तुमची गाडी कशाच्या बदल्यात द्याल. बीटल बाळगणाऱ्या एकाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, की मागची काच दोन भागांत विभागलेली, म्हणजे १९५३ पूर्वीची बीटल मिळाली तरच. म्हणजे बीटल देऊन बीटलच. जॅग्वार ई-टाइपच्या दुसऱ्या मालिकेचा मालकही तसाच निघाला: त्याला पहिल्या मालिकेतली, दिव्यांवर काचेचे आवरण असलेली हवी. एका बाईंनी आपल्या अल्फा रोमिओ स्पायडरच्या बदल्यात वडिलांची विकून टाकलेली जुनी फियाट मागितली, जी बाजारभावाने त्यांच्या गाडीच्या पासंगालाही पुरणार नाही. आणि एकाने गाडीच मागितली नाही. त्याला लिफ्ट बसवता येईल एवढ्या उंचीचे, कोरडे, कुलूपबंद गॅरेज हवे होते. यावर आम्ही हसलो खरे, पण मग त्या गॅरेजमध्ये ठेवणार काय, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला.

लाखमोलाची फेरारी द्या, लगेच किल्ली देतो, असे एकानेही म्हटले नाही, याचे मला नवल वाटले. कदाचित विचारणारा मी होतो आणि माझ्याकडे फेरारी नाही हे त्यांना ठाऊक होते.

आता डीएसविषयी. मी ती एकदा पाहून आलो. इंजिन सुरू झाल्यावर आधी मागचा भाग आणि मग पुढचा असे करत ती उठून उभी राहिली, तेव्हा मला हसू आवरेना. क्लचचे पेडल नाही, ब्रेकच्या जागी कुत्र्याच्या छत्रीसारखे एक रबरी बटण, आणि गिअरच्या ज्या दांडीने गिअर टाकायचा तिनेच इंजिनही सुरू करायचे. मालकांनी मला १९६२ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर झालेल्या हल्ल्यातून याच जातीच्या गाडीने टायर फुटलेले असतानाही त्यांना कसे बाहेर काढले, ती प्रसिद्ध कथा रंगवून सांगितली. कथा खरी आहे, परंतु तिच्यावरून ही विशिष्ट गाडी गंजलेली आहे की नाही हे कळत नाही. मला मात्र वेगळेच काहीतरी ऐकू आले. इंजिन निवांत चालू असताना बॉनेटखालून ठराविक अंतराने टक् असा आवाज येत होता. मी घड्याळ लावून मोजले, तर दर आठ-नऊ सेकंदांनी. मालक म्हणाले, "या गाड्या असा आवाज करतातच." माझ्या गाडीची टिकटिक मला कळते, या गाडीची कळत नाही, आणि नेमके तिथेच माझे मन अडकले आहे.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की हा आवाज चिंतेचा आहे का, डीएसचा पत्रा नेमका कुठे तपासावा, आणि ज्यांनी कधी प्रिय गाडीची अशी अदलाबदल केली आहे त्यांना ती पुढे पचली का.

प्रतिसाद १

मी अकरा वर्षे डीएस चालवतो, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

डीएसची उंची, ब्रेक आणि स्टीअरिंग तेलाच्या दाबावर चालतात, आणि तो आवाज त्या यंत्रणेच्या दाब नियंत्रकाचा आहे. पंपाने यंत्रणेत पुरेसा दाब भरला की नियंत्रक पंपाचे तेल परत टाकीकडे वळवतो, आणि दाब उतरला की पुन्हा यंत्रणेकडे. प्रत्येक वेळी टक् होते. मधल्या काळात दाब धरून ठेवण्याचे काम मुख्य संचायक, म्हणजे नायट्रोजन भरलेला एक गोळा करतो. त्यातला वायू वर्षानुवर्षे रबरी पडद्यातून झिरपून कमी झाला की नियंत्रकाला वारंवार धावपळ करावी लागते. सुस्थितीतल्या गाडीत, स्टीअरिंग वा ब्रेकला हात-पाय न लावता, हे अंतर बरेच मोठे असते. आठ-नऊ सेकंद म्हणजे बहुधा गोळा थकला आहे. तो बदलता येतो आणि हे काम मोठे नाही. मात्र गोळा बदलूनही अंतर वाढले नाही तर आत कुठेतरी दाब झिरपतो आहे, आणि ते शोधणे वेळखाऊ असते. १९६९ च्या गाडीत हिरवे खनिज तेल असते. टाकीचे झाकण उघडून रंग पाहा, आणि पूर्वी कोणी चुकून साधे ब्रेक ऑइल ओतले होते का हे विचारा, कारण त्याने यंत्रणेतली सगळी रबरी सील खराब होतात.

पत्र्याचे म्हणाल तर डीएस फसवी आहे. बाहेरचे पत्रे, दारे, बॉनेट हे सगळे आतल्या सांगाड्यावर बोल्टने बसवलेले असल्याने नवा रंग मारलेली चकचकीत गाडी आतून पोखरलेली असू शकते. मागचा मडगार्ड एकाच बोल्टवर असतो, चाक बदलण्यासाठीही तो काढावाच लागतो, तेव्हा मालकांना दोन्ही बाजूंचे काढून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे. तिथून दाराखालच्या पेटीसारख्या तुळईची मागची टोके आणि डिकीचा तळ दिसतो. चुंबक सोबत न्या. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. छप्पर आणि बॉनेट तेवढे वगळा, छप्पर अनेक डीएस गाड्यांत फायबरग्लासचेच असते आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे. मडगार्ड काढायला मालकांनी टाळाटाळ केली, तर बाकी काही न तपासता घरी या.

प्रतिसाद २

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मी माझी बीएमडब्ल्यू २००२ (हे मॉडेलचे नाव, साल नव्हे) देऊन त्याहून महागडी गाडी घेतली होती. चौदा महिन्यांनी जुनी परत मागायला गेलो, तेव्हा तिला नवा रंग लागलेला होता आणि नवा मालक तिच्यावर खूश होता. मी काही न बोलता चहा पिऊन परतलो. व्होल्वो पी१८०० चे अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली एकच गाडी ३० लाख मैलांहून अधिक चालवली, तेव्हा न बदलणाऱ्यांचीही एक परंपरा आहे. पण त्यांच्या शेजारच्या सीटवर बसणे कोणाला अवघड झाले होते का, हे मला ठाऊक नाही, आणि तुमच्या बाबतीत प्रश्न तोच आहे.

एक व्यवहार्य सूचना: कायमची अदलाबदल करण्याआधी महिनाभरासाठी गाड्या बदलून पाहा. मालकी जिथल्या तिथे राहू द्या. दोन्ही विमा कंपन्यांना लेखी कळवून दुसऱ्या चालकाचे नाव जोडून घ्या, दोन्ही मीटरचे आकडे आणि आधीच असलेले ओरखडे छायाचित्रांसह नोंदवा, आणि महिन्याभरात जे मोडेल ते कोणी भरायचे हे आधीच कागदावर लिहा. हे शेवटचे लिहायला संकोच वाटतो. तरीही लिहा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. मडगार्ड काढायला मालक आनंदाने तयार झाले. पानाही त्यांनीच आणला. उजवीकडची तुळई स्वच्छ आहे, डावीकडे मागच्या टोकाला तळहाताएवढे ठिगळ वेल्डिंग केलेले आढळले आणि त्याच्या कडेला रंग फुगला आहे. ते काम त्यांच्या खर्चाने व्हावे असे ठरले. मुख्य गोळा बदलल्यावर टक् टक् मधले अंतर पस्तीस सेकंदांवर गेले.

महिनाभराची अदलाबदल परवापासून सुरू झाली आहे. पत्नी डीएसमध्ये कशालाही न धरता बसली आणि बसल्यावर पहिला प्रश्न तिने विचारला तो असा, की ही खाली कशी करायची, कारण आता हिचे तोंड फारच वर आहे. दांडा खालच्या खुणेवर घेतला. गाडी उसासा टाकल्यासारखी बसली. आम्ही तासभर फिरून आलो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी महिना संपल्यावर इथेच लिहीन.

काल रात्री त्या गृहस्थांचा फोन आला होता. किल्ली फिरवली की मागून टिकटिक ऐकू येते, ते बरोबर आहे का, असे ते विचारत होते. मी त्यांना ठोके मोजायला सांगितले आणि फोन कानाला लावून मीही मोजत राहिलो. सहा झाले आणि थांबले.