घरात लेकरांचे फोटो: फ्लॅश लागतोच का?

खिडकीवाला:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "सोलापुरात उन्हाळाभर खिडक्या बंद. खिडकीच्या उजेडातले फोटो ही थंड देशातल्या लोकांची चैन. घरात पोराचा फोटो काढायचा तर फ्लॅश मारा, नाहीतर स्टुडिओत न्या." हे वाचून गप्प बसवत नाही.

आमचं घर साखर पेठेत. पुढच्या खोलीला एकच खिडकी आणि तिच्यात मार्च ते जून कूलर. तरी तीन वर्षांच्या लेकीसाठी आजवर एकदाही फ्लॅश लावला नाही. मी दार उघडतो. सकाळी ऊन उंबऱ्यावर यायच्या आत ती दारापासून दोन हात आत भातुकली मांडून बसते. मी भिंतीला टेकून बाजूला, जमिनीवर, म्हणजे कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. उजेड एका अंगाने येतो, एक गाल उजळतो, दुसऱ्यावर मऊ सावली. सावली जास्तच गडद वाटली तर त्या बाजूच्या खुर्चीवर पांढरा टर्किश टॉवेल टाकायचा, उजेड त्यावरून परतून गालावर येतो. आपल्याच गावचा माल. रंगीत चादर मात्र नको, लाल चादरीची लाली थेट गालावर उतरते. घरातले दिवे बंद. बाहेरचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा, आणि ते नंतर नीट करणं फार अवघड. "इकडे बघ, हस" म्हणायचं नाही. तिचं खेळणं चालू राहू द्यायचं.

बावीस_वर्षं_बारशी:
ती पोस्ट माझी. बावीस वर्षं बारशी आणि वाढदिवस काढतोय, मला उजेड शिकवू नका. पोर एका जागी बसतं का? तुमच्या दारातल्या उजेडात शटर १/६० वर येतं, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उघडं राहतं, आणि हात हलला की फोटो गेला. आणि फ्लॅश म्हणजे तोंडावरच मारायचा असं कोण म्हणालं? छताकडे वळवा, तिथून परतून तोही मऊच पडतो.

पूर्वभागकर:
छत पांढरं असलं तर ना! आमच्या पूर्व भागात, सोलापूरच्या विणकर वस्तीत, पुढे माग, मागे घर, वर पत्रा. कशावर वळवायचा फ्लॅश?

उत्तर_उजेड:
दार-बिर सोडा. उत्तरेची खिडकी धरा. तिथे वर्षभर थेट ऊन येत नाही, सगळ्या पुस्तकांत हेच लिहिलंय.

पूर्वभागकर:
ती पुस्तकं युरोपात लिहिलेली. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे की ओ. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेलाच असतो. माझी खिडकी उत्तरेची आहे, मे महिन्यात सकाळी तिरपं ऊन आत येतं आणि पोरगं डोळे मिचकावतं. पातळ पांढरं धोतर बांधल्यावर उजेड पसरला. झरोक्याखाली बसवूनही बघितलं, पण वरून उजेड पडला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार.

दोन_लेकींची_आई:
शटर आणि अंश चालू द्या, मला स्टुडिओबद्दल बोलायचंय. माझी धाकटी सासूबाईंवर गेली आहे, सावळी. पहिल्या वाढदिवसाचा फोटो एका स्टुडिओत काढला. फ्रेम घरी आली तर पोर पांढरीफटक, कपाळावरचा व्रणही पुसलेला. चार वर्षांची झाल्यावर तिने स्वतःच विचारलं, "आई, ही कोण?" काय सांगू तिला? फ्रेम त्याच दिवशी कपाटात गेली.

बावीस_वर्षं_बारशी:
गिऱ्हाईकच मागतं, ताई. "जरा उजळ करा" न म्हणणारे आई-बाप मला वर्षात दोन भेटत नाहीत. सगळा दोष आमच्या माथी मारू नका.

दोन_लेकींची_आई:
मी मागितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी. दहा जणांनी मागितलं म्हणून अकराव्या पोरीचा रंग पुसायचा?

उत्तर_उजेड:
मोबाइलही तेच करतो. बऱ्याच मोबाइलांत सौंदर्याचा पर्याय (ब्यूटी मोड) आधीपासून चालू असतो. तो बंद करा आधी.

दोन_लेकींची_आई:
केला. पण मग पांढऱ्या भिंतीपुढे ती अगदीच काळोखी दिसायची. त्यावर काय?

खिडकीवाला:
तो मोबाइलच्या मोजमापाचा दोष, मुलीचा नाही. भिंत उजळ दिसली की तो सगळाच फोटो अंधारवतो. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवा, मग उजेडाची पट्टी किंचित वर सरकवा. भिंत पांढरी पडली तरी पडू द्या. नाहीतर तिला आतल्या अंधाऱ्या खोलीकडे पाठ करून बसवा, तोंड दाराकडे. सावळ्या गालावर दाराचा उजेड फार सुंदर उतरतो. आणि दादा, शटरचं तुमचं खरं आहे. मी शटर १/२५० पेक्षा संथ ठेवत नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६००, वेळ पडली तर ३२००. फोटोत बारीक दाणे दिसतात. हललेल्या चेहऱ्यापेक्षा दाणे परवडले.

बावीस_वर्षं_बारशी:
३२०० चे दाणे मोठ्या फ्रेममध्ये मला खपणार नाहीत. आणि रात्रीच्या बारशाला दार उघडून उजेड येत नाही, तिथे फ्लॅश नेणारच. पण तेल लावलेल्या गालांवर समोरचा फ्लॅश पांढरे डाग पाडतो, हे मान्य. नातू रविवारी येतोय, त्याला दारात बसवून बघतो.

ताई, तुमच्या फोटोची मूळ प्रत त्या स्टुडिओकडे असेल तर मागून घ्या. रंग न बदलता नवी प्रत मी काढून देतो. पैसे नकोत.

दोन_लेकींची_आई:
उद्याच विचारते. व्रण राहू द्या.