पासबुक तिच्या नावाचं, ठेवलेलं कुणाच्या कपाटात? (अनुभव धागा – मराठवाडा)

तेरणाकाठ

मराठवाड्याला संकटं नवी नाहीत, हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा भूकंप, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे आणि परवाचा सप्टेंबर २०२५ चा पूर. दर खेपेला मागून मदत येते. अलीकडे तर बराच पैसा थेट बाईच्या नावावर येतो. बचत गटाचं कर्ज, निराधारचे पैसे, लाडक्या बहिणीचे दीड हजार.

मी धाराशिव जिल्ह्यात बचत गटांच्या वह्या तपासायचं काम करते. कर्जाच्या कारणाच्या रकान्यात 'शेळीपालन' लिहिलेलं असतं आणि घरी गेलं की शेळी दिसत नाही, नवा फवारणी पंप दिसतो. पंपाबद्दल माझी तक्रार नाही. पंप घ्यायचा हे ठरलं तेव्हा ती बाई खोलीत होती का, एवढंच मला कळत नाही. वहीत त्याला रकाना नसतो.

म्हणून हा धागा. घरात तिच्या नावानं पैसा आला तेव्हा तो मोजला कुणी? घर, जमीन, जनावर यातलं काय तिच्या नावावर आहे? स्वतःचा, आईचा, जावेचा, शेजारणीचा, कुणाचाही अनुभव लिहा. गावाचं, फायनान्स कंपनीचं, कार्यालयाचं नाव टाकू नका, उगाच कुणाच्या घरी भांडण नको. यशोगाथा चालतील, पण पुरस्काराच्या फोटोखाली छापतात तसल्या नकोत.

मास्तरीण, औसा तालुका

किल्लारीच्या भूकंपावेळी मी चौथीत होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत. गणपती बुडवून माणसं झोपलेली. जी ५२ गावं उठवून दुसरीकडं वसवली त्यांच्याबद्दल सगळे लिहितात. आमच्यासारख्या शेकडो गावांत घरं तडकली पण उभी राहिली. तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकानं स्वतः करायचं आणि सरकारनं टप्प्याटप्प्यानं पैसे द्यायचे, अशी योजना होती. एक टप्पा झाला की अभियंता बघणार, सही करणार, मग पुढचा हप्ता.

हे लोकांना समजावून कोण सांगणार? त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या. स्वयम् शिक्षण प्रयोगच्या प्रेमा गोपालन यांनी हे काम उभं केलं होतं. माझी आई सातवी शिकलेली, म्हणून तिचं नाव गेलं. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. आई घरोघर जाऊन सांगायची की दर मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकता, जुनी काढत नाही, ते सगळं वजन त्या रात्री अंगावर आलं. भिंतीत आरपार जोड दगड कुठं घालायचे, वर सिमेंटचा पट्टा कसा फिरवायचा, हेही ती सांगायची. पारावरची माणसं म्हणायची, आता बायका गवंड्याला शिकवणार. गवंड्यानं ऐकलं, कारण आईनं होय म्हटल्याशिवाय अभियंत्याला बोलवून उपयोग नाही, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. गावातली पुरुषमंडळी उशिरा ऐकायला लागली.

त्या दोन-तीन वर्षांत आईची कचेरीची भीती गेली. तहसीलमध्ये ती खुर्ची ओढून बसायची. पुढं गट काढला, रेशनच्या काट्यावरून दुकानदाराशी भांडली, पंचायतीला उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली.

आणि घर? कुठल्या भिंतीत कुठं जोड दगड घातलाय हे ती आजही बोट ठेवून सांगते. त्याच घराच्या नमुना आठला (ग्रामपंचायतीच्या घरनोंदीला) तिचं नाव लागलं ते वडील गेल्यावर. तोवर कुणाला सुचलंच नाही. तिलाही नाही, मलाही नाही.

खडीची आजी (नातू लिहितोय)

जास्त काही नाही. बहात्तरला आजी खडी फोडायला जायची. केंद्रावर सुकडी (दुष्काळात वाटायचं कोरडं खाणं) मिळायची. हजेरीपटावर तिचं वेगळं नाव होतं, आयुष्यात पहिल्यांदा. पगाराला अंगठा तिचा आणि पैसे घ्यायला हात पुढं आजोबांचा. रोजगार हमीचा कायदा पुढं १९७७ ला झाला. तिला कायद्याचं काही माहीत नव्हतं, पण मुकादमानं तिचं नाव मोठ्यानं पुकारलेलं मरेपर्यंत सांगायची.

अर्धा कोयता, बीड

आमच्याकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दादा (वडील) ऊस तोडणार, आई वाढं (उसाचे शेंडे) बाजूला करणार, मोळ्या बांधणार, डोक्यावरून ट्रॅक्टरवर चढवणार. ट्रॅक्टर रात्री दोनला आला तर रात्री दोनला. त्याआधी भाकरी, त्याच्यानंतर पाणी. उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) मात्र मुकादम दादांच्या हातात मोजायचा. आईनं उचल मोजलेली मी कधी बघितली नाही. तिची मजुरी किती, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता.

एक दिवस काम बुडालं की खाडा, त्याचे पैसे कापणार. पाळी आली तरी खाडा, लेकरू तापलं तरी खाडा. पोटात दुखतं म्हणून आई एका खाजगी दवाखान्यात गेली. तिला सांगितलं, गर्भपिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. पिशवी काढली, तेव्हा ती तिशीत होती. मोठी चुलतीपण तशीच. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीडमधल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२ हजारांहून जास्त बायकांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पेपरात वाचून लोक हळहळले. आमच्या वस्तीवर कुणालाच नवल वाटलं नाही. ऑपरेशनचा खर्च मुकादमानं दिला आणि पुढच्या उचलीत धरला. म्हणजे ती पिशवीसुद्धा आईनंच तोडून फेडली.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. चांगलंच झालं, लढून मिळालं. पण हिशेब अजून कोयत्याचाच होतो.

आई आता जात नाही. गावातल्या शाळेत तोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, तिथं स्वयंपाक करते. मानधन तोडीपेक्षा कमी आणि वेळेवर कधीच नाही. पण येतं ते तिच्या खात्यात, आणि एटीएम कार्ड कमरेच्या पिशवीत असतं.

तेरणाकाठ

पिन कुणाला पाठ आहे?

अर्धा कोयता, बीड

मला 🙂 पण पैसे काढून आणले की दोनदा मोजून घेते. दादांना नंबर सांगायचा नाही अशी ताकीद आहे.

निवृत्त शाखाधिकारी, परभणी

नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायला १९९२ मध्ये सुरुवात केली. आमच्या शाखेत गट यायला लागले तेव्हा आम्ही साहेब लोक हसलो होतो. नंतर वसुलीचे आकडे बघून गप्प बसलो. पण धागाकर्तीच्या मुद्द्याशी सहमत आहे. कर्ज गटाच्या नावावर, वापर घरातल्या पुरुषाचा आणि फेडायची जबाबदारी बाईची, असं मी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. आता तर आठवड्याच्या हप्त्यावर कर्ज देणाऱ्या कंपन्या दारात येतात. सोमवारी एकीची बैठक, बुधवारी दुसरीची. एक हप्ता भरायला दुसरीकडून उचल. यात सक्षम कोण झालं ते मला कुणीतरी सांगावं.

सीआरपी (बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती), वसमत

साहेब, अर्धं बरोबर, अर्धं नाही. नवऱ्याच्या पंपाला बाईनं कर्ज काढलं तर बिघडलं कुठं? शेत दोघांचं आहे. पंप आल्यावर 'हा माझ्या कर्जावर आलाय' असं तिला चारचौघांत म्हणता येतं का, ते बघा. आमच्या गटातली एक जण म्हणते. पाहुण्यांसमोर म्हणते. नवरा खाली बघतो, पण पंप धुऊन ठेवतो.

आठवड्याच्या फायनान्सबद्दल मात्र शंभर टक्के खरं. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, म्हणून बायकाच बाईच्या दारात जाऊन बसतात. काल जिच्यासोबत हळद काढली तिच्याच घरातलं भांडं उचलायची वेळ येते. गटाचं व्याज निदान गटातच राहतं.

आता हळदीचं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. पण हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, निवडायची, या कामांत रोजानं बायका असतात आणि बाजार समितीत पट्टी (विक्रीची पावती) निघते ती पुरुषाच्या नावावर. म्हणून आम्ही हळद पावडर सुरू केली. यंत्र आलं, अन्न परवाना आला, पाकिटं छापली. विकायचं कुठं? मुंबईला महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात माल हातोहात गेला. परत आलो आणि गावच्या किराणा दुकानदारानं सांगितलं, कंपनीवाला महिनाभर उधारी देतो, तुम्ही देता का? प्रशिक्षणं सगळी बनवायची मिळतात, विकायची आणि उधारी वसूल करायची कुणी देत नाही. पापड-लोणच्याच्या पुढं गाडी न जाण्याचं माझ्या मते हे एकच कारण आहे.

भाचीच्या मोबाइलवरून, लातूर जिल्हा

(मावशी बोलतीय, मी लिहितीय.)

मालकानं औषध पेलं तवा मोठी पोरगी सातवीत होती. आत्महत्येच्या मदतीला कागद मागितले. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज मालकानं गावातल्या माणसाकडून काढलेलं, त्याला कागद न्हाई. मग आमचं परकरण अपात्र. ज्या पात्र ठरतेत त्यांचं तरी काय, लाखातलं ३० हजार हातात आन ७० हजार ठेवीत. मला तेबी न्हाई.

म्या सासऱ्याला म्हनलं, वाटणी मागत न्हाई, एक एकर माझ्या मनानं करू द्या. त्यांनी दिलं ते बरडाचं रान. नांगराला दगड लागायचा. तवा गावात बायकांला 'एक एकर' शेतीचं शिकवायला ताई यायच्या. एकच सोयाबीन करू नका, मिसळून टाका. म्या मूग, चवळी, तीळ, मेथी, शेपू, वांगी असलं सगळं टाकलं. सोयाबीनचं पैसं दिवाळीला एकदा येतेत आन दुकानदाराकडंच जातेत. भाजीचं पैसं दर बाजारला येतेत, थोडं येतेत, आन माझ्या हातात येतेत. आदी घरात खायला, उरलं तर बाजारात.

बाजारात बसायचं लई जड गेलं. कपाळ मोकळं म्हणून सकाळच्या पारी भवानी (पैली खरेदी) माझ्याकडनं कुणी करायचं न्हाई. शेजारची मन्यारीण मुसलमान बाई. ती रोज पैल्यांदा माझ्याकडनं दोन रुपयाची कोथिंबीर घ्यायची, आन मग बाकीचे यायचे. तिनं का केलं ते म्या इचारलं न्हाई. एसटीच्या अर्ध्या तिकिटात आता लांबच्या बाजारलाबी जाते.

रान आजूनबी सासऱ्याच्याच नावावर हाय. त्यांचं वय झालंय. दीर बोलत न्हाईत, पण बघतेत.

सीनाकाठ, परंडा

मागच्या सप्टेंबरात सीनेचं पाणी रात्री वाड्यावर आलं. माझ्या ११ उस्मानाबादी शेळ्या दावणीला होत्या. काळ्याभोर, बहुतेक जुळी देणाऱ्या. चार वाचल्या.

पंचनाम्याला माणसं आली. मेलेलं जनावर कुठंय? वाहून गेलेलं जनावर कुठून दाखवू? गटाच्या कर्जावर शेळ्या घेतल्या तेव्हा गटानं विमा सक्तीचा केला होता, कानात बिल्ले होते. तेव्हा आम्ही गटाला शिव्या घातल्या होत्या की फुकटचा खर्च. दवाखान्यात बिल्ल्यांचे नंबर माझ्या नावावर नोंदलेले निघाले, त्यावर सातही धरल्या. शेळीमागं ४,००० रुपये. बाजारात गाभण शेळी त्याच्या दुप्पट-तिप्पट जाते, पण असू द्या.

पुढची गंमत ऐका. यादीत नाव मालकांचं. फार्मर आयडी ज्याच्या नावावर जमीन त्याचा. शेळ्या माझ्या, कर्ज माझं, बिल्ले माझे, भरपाई त्यांच्या खात्यात. आणि त्या खात्याला पीककर्जाच्या थकबाकीमुळं होल्ड. मी गटाची वही घेऊन तहसीलला गेले, सोबत गटातल्या सगळ्या. अर्ज, पुन्हा अर्ज. शेवटी होल्ड निघाला, पैसे सुटले, मालकांनी मुकाट्यानं काढून दिले. यादीत नाव बदललं नाही. साहेब म्हणाले, पैसे मिळाले ना ताई, आता नावाचं काय करायचंय?

मास्तरीण, औसा तालुका

मावशींना सांगा, सासरे हयात आहेत तोवरच काय ते लिहून घ्या.

उदगीरचा वाचक

विषय निघालाय म्हणून विचारतो. आमचे वडील हयात आहेत आणि आईचं नाव सातबाऱ्याला लावायला तयार आहेत. की ते मृत्यूनंतरच लागतं?

माजी तलाठी

हयातीतही लागतं. १९९२ च्या परिपत्रकानं सुरू झालेली लक्ष्मी मुक्ती योजना त्यासाठीच आहे. कल्पना मूळची शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज द्यायचा, पत्नीचं नाव सहधारक म्हणून लागतं. सातबारा, आठ-अ, दोघांचं आधार घेऊन जा. 'असं काही नसतं' असं ऐकायला मिळालं तर अर्जाची पोच मागा, लगेच आठवतं.

मावशींचा मामला वेगळा. जमीन सासऱ्यांच्या नावावर असली तरी मुलगा आधी गेला म्हणून सुनेचा आणि नातवंडांचा हक्क बुडत नाही. सासरे गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्यावा, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून. हरकतीला १५ दिवसांची नोटीस निघते. त्या काळात दीर घरी येऊन गोड बोलून हक्कसोडपत्रावर सही मागतील. मुलींच्या वतीनंही मागतील. सही करायची की नाही हे मावशींनी ठरवावं, पण वाचून घेतल्याशिवाय नको. सासरे राजी असतील तर आत्ताच वाटणी करून घेणं सगळ्यात सोपं.

भाचीच्या मोबाइलवरून, लातूर जिल्हा

मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणतीय, सासरे राजी हायत, सासू न्हाई.

तेरणाकाठ

सासूबाईंच्या नावावर काय आहे, तेही विचारून बघा.

परंड्याच्या ताई, त्या बिल्ल्यांच्या नोंदीचा उतारा नेमका कुठून मिळाला? भूम तालुक्यात काही जणींचं अजून अडकलंय.

सीनाकाठ, परंडा

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या रजिस्टरमधून, अर्ज देऊन. विम्याच्या पावतीची झेरॉक्स जोडा, त्यावर नंबर असतात. सकाळी लवकर जा, नंतर डॉक्टर फिरतीला निघतात.