गोळी ताणायची की घड्याळ लावून द्यायची?

अशोकचौक_वाला: आमच्या आप्पांना पार्किन्सन होऊन ९ वर्षं झाली. जन्म चादरीच्या मागावर गेला. सकाळी ७ ची लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनवरची गोळी, लागू पडली की साडेसातला शर्टाची बटणं स्वतः लावतात. साडेदहाला त्याच माणसाचे पाय उंबऱ्यापाशी फरशीला चिकटल्यासारखे. ११ ची गोळी घेतली की परत चालू. काकू म्हणते, "कामाच्या वेळेलाच बरे हातपाय आखडतात!" नाटक नाही हो ते, असर उतरतो. रक्तातली गोळी साधारण दीड तासात निम्मी होते. सुरुवातीला मेंदू ती साठवून पुरवून वापरतो, पुढं साठवणाऱ्या पेशीच कमी होतात. म्हणून वेळ चुकवू नये, असं माझं मत.

नवीपेठ: पटत नाही. आम्ही आईची गोळी जमेल तेवढी ताणतो. आज ४ दिल्या तर उद्या ६ लागणार. शिवाय जास्त झाली की अंग वळवळतं. गड्ड्याच्या जत्रेत नेलं होतं, लोक थांबून बघत होते. आई परत बाहेर पडायला तयार नाही.

जुळेसोलापूर_ताई: ताणून शिल्लक पडायला ती काय मुदतठेव आहे? घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. घानात औषध उशिरा सुरू झालेलं, तरी हे चढउतार दोन्हीकडं आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर आले. वळवळीचं मात्र तुमचं खरं आहे, मोठ्या डोसनं ती वाढते. तिथं डॉक्टर बऱ्याचदा डोस लहान करून वेळा वाढवतात. ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही.

बाळीवेस: ताटाचं कुणीच बोलंना! प्रोटीन आणि ही गोळी आतड्यात एकाच दारातून जातात, मेंदूच्या वेशीवर परत तीच रेटारेटी. आमचे मामा गोळी दही-शेंगाचटणीच्या घासाबरोबर घ्यायचे, दुपारभर ताठ. आता जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर.

नवीपेठ: म्हणजे सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद? आईचं वजन आधीच ४२ किलो.

बाळीवेस: बंद कोण म्हणतंय बे! रात्रीच्या भाकरीला घे की. तेही डॉक्टरांना विचारून.

नवीपेठ: २० तारखेला दाखवायचंय, तेव्हा विचारतो. तोवर ताणत नाही. पण ते वळवळणं तुम्ही कुणी बघितलेलं दिसत नाही.

अशोकचौक_वाला: बघितलंय. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "हललेलं परवडतं, अडकलेलं नाही."

नवीपेठ: आई उलटं म्हणते.