स्टीलच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली तपकिरी लगदा: गंज की मळ?

चोडणची_फेरी

मंडळी, जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

चाळिशी पुरी झाली तेव्हा चार वर्षं साठवलेल्या पैशातून एक स्विस डायव्हर (पाणबुड्यांसाठीचं) घड्याळ घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक तिची की माझी हेच अजून ठरायचंय. ३१६एल स्टील, ४१ मिलिमीटर, पाठीवर ‘३०० मीटर’ कोरलेलं. दोन वर्षं रोज हातात आहे. सकाळी चोडणहून रायबंदरला फेरीबोट, तिथून स्कूटरने पणजीला ऑफिस, संध्याकाळी उलटा प्रवास. दिवसाला चारेक सेकंद पुढे पळतं. क्रोनोमीटरला, म्हणजे अचूकतेचा दाखला मिळालेल्या घड्याळाला, दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात, तेव्हा तक्रार नाही. बकलवर इतके ओरखडे पडलेत की इथे कधी आरशासारखी पॉलिश होती हे सांगावं लागतं. त्याचंही काही वाटत नाही.

वाटलं ते परवा. पांढऱ्या शर्टाच्या कफला आतून तपकिरी रेघ. बायको म्हणाली, चहा सांडलात. पट्टा सोडवून बघतो तर तो केसला (घड्याळाच्या धातूच्या डबीला) जोडतो त्या कोपऱ्यात ओली तपकीर ठासून भरल्यासारखा लगदा. टूथपिकने उकरून नखावर घासला, खरखरीत लागला.

वडिलांच्या घड्याळाचा क्रोमचा मुलामा मनगटाच्या बाजूने उडून आतलं पितळ दिसायचं. खाजनात (खाडीकाठच्या खारट शेतात) उतरायचं असलं की ते घड्याळ काढून खुंटीला लावायचे. मी स्टीलचं घेतलं ते काढावं लागू नये म्हणूनच. आता घरात ठराव झालाय: जून ते गणेशचवथ हे कपाटात आणि हातात साडेसातशेचं प्लास्टिकचं. हे बरोबर आहे का? आणि थोडे जास्त पैसे टाकून ९०४एल ह्या वरच्या दर्जाच्या स्टीलचं घेतलं असतं तर टळलं असतं का?

बार्ज_वर्कशॉप

मी घड्याळातला नव्हे, बार्जवरच्या स्टीलचा माणूस. पण रोग ओळखीचा आहे.

स्टेनलेसला गंज चढतच नाही असं कोणी सांगितलं? त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो पुन्हा धरतो. फटीत खारं पाणी अडकून राहतं, ताजी हवा पोचत नाही, तिथे पापुद्रा सावरत नाही आणि मिठातला क्लोराइड बारीक खड्डे पाडतो. आमच्याकडे उघडं रेलिंग वर्षानुवर्षं चकचकीत राहतं, पण बोल्ट सोडून वॉशरखाली बघा! तुमच्या पट्ट्याचं टोक म्हणजे तो वॉशर.

९०४एलचं म्हणाल तर ह्या खड्ड्यांना अडवतं ते मुख्यतः मॉलिब्डेनम. ३१६एलमध्ये ते २ ते ३ टक्के, ९०४एलमध्ये ४ ते ५. रोलेक्सने ते १९८५ पासून वापरायला घेतलं. जास्त टिकतं यात शंका नाही, पण न धुतलेली फट कुठल्याही स्टीलला वाईटच.

आणि पावसाला उगाच दोष देऊ नका. जुलैत वरून एवढं पाणी येतं की मांडवी रायबंदरपाशीही जवळजवळ गोडी होते. खारं असतं ते एप्रिल-मेमध्ये, त्यात तुमचा घाम. लगदा उन्हाळ्यातला आहे, पावसाने फक्त भिजवून कफवर आणला.

मडगावची_नात

आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मी शाळेतून येऊन तिथेच बसायचे. असा तपकिरी रंग बऱ्याचदा केसचा नसतो, पट्टा धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिनेचा असतो. ती कधीकधी हलक्या स्टीलची असते आणि आतून गंजते. दोन्ही पिना काढा, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. टोक काळं-तपकिरी असेल किंवा स्प्रिंग अडकत असेल तर फेकून द्या. ती तुटली तर घड्याळ थेट मांडवीत.

धुण्याचं म्हणाल तर चावी घट्ट फिरवून बसवा (ती सैल असेल तर पाठीवरच्या ३०० मीटरला काही अर्थ नाही), मग कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मुलांचा मऊ टूथब्रश. शेवटी साधं पाणी भरपूर, आणि पट्टा उलटासुलटा वाकवून पुसा. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी. गरम शॉवरखाली नको. आतल्या रबराच्या रिंगा म्हाताऱ्या होतात, म्हणून मे महिन्यात प्रेशर तपासून घ्या. काचेच्या आतून वाफ दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

कपाटाला माझा विरोध. न धुता ठेवलंत तर तोच खारट लगदा चवथीपर्यंत निवांत आपलं काम करत बसेल. चामड्याचा पट्टा असता तर कपाटात काय, हातातही बुरशी आली असती. तुमचा स्टीलचा आहे, वापरा.

पात्रांव

चार वर्षं पैसे साठवून घेतलेलं घड्याळ कपाटात आणि साडेसातशेचं हातात! मग चोराला तरी सांगून ठेवा कुठलं न्यायचं ते.

चोडणची_फेरी

ताई, पिनाच निघाल्या. एक काढताना हातातच दोन तुकडे झाली, दुसरीचं टोक काळं. जोडी बदलली, दीडशे रुपये. ज्या घड्याळाची किंमत बायकोला अजून पूर्ण सांगितलेली नाही, ते ह्या दीडशेवर लटकत होतं!

लगदा धुतल्यावर भिंगातून बघितलं. सहाच्या बाजूला, पट्टा बसतो तिथे, टाचणीच्या टोकाएवढे दोन खड्डे आहेत. बार्जवाले, तुमचा वॉशर बरोबर. पॉलिश करून घेणार नाही, कडा बोथट होतात आणि खड्डे बाहेरून दिसतही नाहीत.

आता ऑफिसात पोचलो की आधी बेसिनवर उभा राहतो. शिपाई रोज विचारतो, “साहेब, हात धुता की घड्याळ?” कपाटाचा ठराव मात्र अजून रद्द झालेला नाही. चवथीला मेव्हणा येईल, तो माझ्या बाजूने बोलेल अशी आशा आहे.